सात सीटर गाडी बघायला जाताय? आधी घरची ही तयारी करून निघा

शोरूमला जायच्या आधी पहिलं काम कॅलेंडर घेऊन बसायचं आणि वर्षातून किती वेळा सातच्या सात जण खरंच एका गाडीत बसणार आहेत ते मोजायचं. आम्ही मुलुंडला राहतो, घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं, आणि गणपतीला ठाण्याहून नणंद येते ती सातवी. गाव चिपळूणच्या पुढे गुहागर रस्त्याला. इतकी वर्षं काय व्हायचं तर कोकण रेल्वेचं रिझर्व्हेशन सकाळी आठला उघडलं की दोन-तीन मिनिटांत वेटिंग, मग आई-बाबा, म्हणजे सासू-सासरे, मिळेल त्या गाडीने पुढे आणि आम्ही छोट्या गाडीत मांडीवर पिशव्या घेऊन मागून. आम्ही मोजलं तर सगळे सात वर्षातून चार वेळा निघाले, गणपती, शिमगा, मे महिना आणि दिवाळी, आणि सहा जण जवळजवळ महिन्यातून दोनदा. तुमचा आकडा वर्षाला एक-दोनच येत असेल तर मी मनापासून सांगते, चांगली पाच सीटर घ्या आणि त्या दोन वेळांना भाड्याची गाडी करा, खूप पैसे वाचतील.

आकडा जास्त आला तर मग कागदावर शेवटच्या रांगेत कोण बसणार त्यांची नावं लिहा. हो, नावंच लिहा, उंचीसकट. कारण "मागे मुलं बसतील" असं सगळे म्हणतात आणि मुलं तीन वर्षांत आपल्याएवढी होतात, गाडी मात्र दहा वर्षं वापरायची असते. आमच्याकडे मोठा मुलगा बारा वर्षांचा, आत्ताच पाच फूट, आणि नणंद, म्हणजे मागे दोन मोठी माणसंच धरायची होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं, टेस्ट ड्राइव्हला एकट्याने जाऊ नका, अख्खं घर घेऊन जा. सुट्टीच्या दिवशी गर्दी असते म्हणून आम्ही मंगळवारी सकाळची वेळ घेतली आणि सगळे गेलो. बसायचा क्रम असा ठेवा, आधी जो गाडी चालवणार त्याने आपली सीट आपल्या सवयीने लावायची, मग त्याच्या मागे मधल्या रांगेत माणूस नीट टेकून बसला पाहिजे, आणि मग उरलेल्या जागेत तिसऱ्या रांगेतल्या माणसाने बसायचं. सेल्समन पुढची सीट पूर्ण पुढे ओढून दाखवतो आणि म्हणतो बघा किती जागा आहे, ते बघू नका. मागे बसलेल्याचे गुडघे छातीकडे वर येतात का ते बघा, तिसऱ्या रांगेत जमीन उंच आणि सीट बुटकी असते त्यामुळे मांड्यांना आधार मिळत नाही आणि तासाभरात कंबर भरून येते. तिथे निदान पंधरा मिनिटं बसून राहायचं, दोन मिनिटांत काही कळत नाही. मधली रांग पुढे-मागे सरकते का तेही विचारा, काही गाड्यांत सरकते काहींत फक्त पाठ झुकते, आणि सरकत असेल तर चार इंच इकडचे तिकडे देऊन दोन्ही रांगांचं भागतं.

आमच्या आईंचं एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांना गाडीत चढताना आधी हँडल पकडावं लागतं, मग चांगला पाय वर, मग कंबर वळवून बसायचं, मग दुसरा पाय हाताने धरून आत घ्यायचा. पहिल्या शोरूममधल्या उंच गाडीत त्या दोनदा प्रयत्न करून खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "अगं मी आपली रेल्वेनेच येईन, तुम्ही घ्या ही." त्या बोलल्यावर माझ्या पोटात कालवलं, कारण गाडी त्यांच्यासाठीच तर घेत होतो. त्या दिवसापासून आमच्या यादीत दाराच्या उंबऱ्याची जमिनीपासूनची उंची आली, मी घरी आईंच्या पलंगाची उंची टेपने मोजली आणि सीट साधारण त्या उंचीला येते का ते प्रत्येक ठिकाणी बघितलं. स्कॉर्पिओ एनसारख्या लॅडर फ्रेमवाल्या गाड्या मजबूत असतात, खराब रस्त्याला छानच, पण बॉडी चेसिसच्या वर बसवलेली असते म्हणून चढायला उंच पडतात. घरात गुडघे दुखणारं कोणी असेल तर साइड स्टेप लावून चढून-उतरून बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

पोटात मळमळणाऱ्यांचंही आधी लक्षात घ्या. शेवटची रांग मागच्या चाकांच्या जवळजवळ वर येते, त्यामुळे खड्ड्याचा दणका तिथे सगळ्यात जास्त आणि घाटात डोलणंही जास्त, वर खिडकी लहान, बाहेरचं दिसत नाही, मग परशुराम घाट लागला की उलट्या. टेस्ट ड्राइव्ह सरळ हायवेवर देतात, तुम्ही स्पीड ब्रेकर आणि पेव्हर ब्लॉकचा रस्ता मागून घ्या आणि त्या वेळी घरातला सगळ्यात नाजूक पोटाचा माणूस मागे बसवा. एसीचे व्हेंट मागे आहेत का, त्यांचा ब्लोअर वेगळा आहे का आणि दुपारी उन्हात उभी गाडी मागपर्यंत गार व्हायला किती वेळ लागतो हेही तेव्हाच कळतं.

सामानासाठी घरातली सगळ्यात मोठी ट्रॉली बॅग बरोबर न्या, लाजू नका. सातही सीट उभ्या ठेवून डिकी उघडा आणि बॅग ठेवून दार लावून बघा. बऱ्याच गाड्यांत तेव्हा दोन सॅक आणि एक पिशवी एवढंच राहतं. आम्हाला गणपतीला जाताना सजावटीचं खोकं, मोदकाच्या पिठाचा डबा आणि येताना तांदळाची गोणी आणि मे महिन्यात फणस असं सगळं असतं, त्यामुळे हा मुद्दा आमच्यासाठी फार मोठा होता. अर्टिगा सीएनजी खिशाला सोपी, पण सिलिंडर तिसऱ्या रांगेच्या मागे डिकीतच असतो म्हणून सात माणसं अधिक सामान हे गणित तिथे बसत नाही.

पार्किंग! हे आधी मोजा, बुकिंगनंतर नाही. आमच्या जागेला दोन्ही बाजूंना कॉलम आहेत, मधलं अंतर २.४ मीटर. आता सफारीची रुंदी १९२२ मिमी, एक्सयूव्ही ७०० ची १८९०, इनोव्हा हायक्रॉसची १८५० आणि अल्काझारची १८००, आणि हे सगळं आरसे सोडून. म्हणजे सफारी मधोमध लावली तर प्रत्येक बाजूला जेमतेम २४ सेंटीमीटर, तेवढ्यात दार उघडून माणूस बाहेर येत नाही. अल्काझारला ३० सेंटीमीटर मिळतात, फरक कागदावर छोटा वाटतो पण रोज दोनदा तोच फरक जाणवतो. लांबीला अल्काझार ४५६० मिमी, सफारी ४६६८, एक्सयूव्ही ७०० ४६९५ आणि हायक्रॉस ४७५५, तर भिंतीपासून रेषेपर्यंत तुमच्याकडे किती आहे ते बघून ठेवा. स्टॅक किंवा पझल पार्किंग (मशीनने गाड्या एकावर एक लावतात ते) असेल तर तिथल्या प्लेटवर वजन आणि उंचीची मर्यादा लिहिलेली असते, तिचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, या गाड्या उंच असतात आणि भरपूर जड, आमच्या शेजारच्या विंगमध्ये एकांची गाडी आली आणि वर जातच नाही, गेले वर्षभर रस्त्यावर उभी आहे. रॅम्पचं वळणही एकदा बघा.

इंधनाचं ठरवताना आपण खरंच किती आणि कसं चालवतो ते लिहा. आमचं वर्षाला साधारण ८,००० किलोमीटर, त्यातलं निम्मं शाळा-मंडई-स्टेशन असं दोन-तीन किलोमीटरचं. अशा वापराला मला डिझेल नको वाटलं, कारण बीएस ६ (आताच्या प्रदूषण नियमांच्या) डिझेलच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, त्यात काजळी साठते आणि ती जळायला इंजिन नीट गरम होऊन थोडा वेळ सलग धावावं लागतं, रोज फक्त शाळेपर्यंत गेलं की तो तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तुम्ही दर आठवड्याला पुणे-नाशिक करत असाल तर डिझेल उत्तमच. स्ट्राँग हायब्रिडचाही, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर बॅटरीवरची मोटरही गाडी चालवते त्याचा, मोह झाला, हायक्रॉस हायब्रिडचं कंपनीचं अ‍ॅव्हरेज लिटरला २३.२४ किलोमीटर आहे, पण मी हिशोब केला, साध्या पेट्रोलला लिटरला ११ आणि हायब्रिडला प्रत्यक्षात १८ धरलं तरी ८,००० किलोमीटरला वर्षाला सुमारे २८३ लिटर वाचतात, मुंबईच्या तेव्हाच्या १०३-१०४ रुपये दराने ते २९ हजारांच्या आसपास, आणि किमतीतला फरक पाच लाखांच्या वर. ज्यांचं वर्षाला २५ हजार किलोमीटर होतं त्यांचं उत्तर वेगळं येईल, म्हणून स्वतःचा आकडा टाका.

सेफ्टीत स्टार बघाच. भारत एनकॅप, म्हणजे गाडी आपटवून बघून सुरक्षेचे स्टार द्यायची आपल्याकडची चाचणी, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालीय, सफारी आणि हायक्रॉस दोघींना तिच्यात ५ स्टार आहेत, स्कॉर्पिओ एनला त्याआधी २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅप या परदेशातल्या तशाच चाचणीचे ५ मिळाले. पण स्टारच्या पुढे जाऊन तिसऱ्या रांगेचे तीन प्रश्न विचारा, तिथे थ्री पॉइंट (खांद्यावरून आणि कमरेवरून येणारा) बेल्ट आहे ना, हेडरेस्ट डोक्यापर्यंत येतो ना, आणि कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडते ती) मागच्या खिडकीपर्यंत पोचते का. तिसरा प्रश्न विचारला की बरेच सेल्समन फोन करून विचारायला जातात, जाऊ द्या, उत्तर घेतल्याशिवाय उठू नका, मागे आपलीच मुलं बसणार आहेत. लहान मूल असेल तर आयसोफिक्स सीट (गाडीच्या हुकांना अडकवायची मुलांची सीट) लावल्यावर मधली सीट दुमडता येत नाही, मग मागे जायचा रस्ता कुठून तेही करून बघा.

पैशांच्या कागदावर ऑन रोडचा प्रत्येक आकडा वेगळा लिहून मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मोठ्या गाड्यांवर सेस (जीएसटीच्या वरचा जादा कर) जाऊन सरळ ४० टक्के जीएसटी आहे, तो एक्स शोरूममध्ये धरलेला असतो. त्यावर महाराष्ट्रात रोड टॅक्स १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, डिझेलला १४, आणि २० लाखांच्या वर १३ आणि १५. म्हणजे समजा १८ लाखांची गाडी, पेट्रोलला २ लाख १६ हजार आणि डिझेलला २ लाख ५२ हजार, व्हेरियंट २० लाखांच्या किंचित वर जात असेल तर एक पायरी खाली काय मिळतंय ते नक्की बघा. १० लाखांच्या वरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (डीलर आपल्याकडून घेऊन इन्कम टॅक्सला भरतो तो कर) लागतो, तो रिटर्न भरताना टॅक्समध्ये वळता होतो म्हणून पावती जपून ठेवा. हँडलिंग चार्जेस आणि अ‍ॅक्सेसरी पॅक लिहिलेलं दिसलं तर हे कशाचं असं शांतपणे विचारा, आमच्या कोटेशनमधून विचारल्यावर दोन ओळी गेल्या.

इन्शुरन्स डीलरकडूनच घ्यायला हवा असं नाही, बाहेरून दोन कोटेशन घेऊन जा. जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) नव्या गाडीला लागतो, तो ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो, त्याचं पत्र आधी मागवून ठेवा. झीरो डेप (क्लेममध्ये पार्टची झीज कापत नाहीत ते) घ्या आणि मुंबईत राहत असाल तर इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने इंजिन बिघडलं तर त्याचा खर्च देणारं अ‍ॅड ऑन) घ्याच घ्या. आमची जुनी गाडी एका जुलैत किंग्ज सर्कलच्या पाण्यात बंद पडली, नवऱ्याने घाईत परत स्टार्टर मारला, आणि पाणी इंजिनात गेलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, म्हणून आतला रॉड वाकतो. पॉलिसीत ते अ‍ॅड ऑन नव्हतं आणि सगळा खर्च आमच्या अंगावर आला. पाण्यात बंद पडली तर स्टार्ट करायची नाही, ढकलून बाजूला घ्यायची आणि टो मागवायचा, हे घरात जे जे चालवतात त्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आम्ही एसयूव्हीच हवी असं म्हणत निघालो होतो आणि शेवटी हायक्रॉस साधी पेट्रोल घेतली, कारण आई एका दमात चढल्या आणि नणंद मागे बसून म्हणाली, "वहिनी, इथे मी झोपेन सुद्धा." पार्किंगला घट्ट होते, आईंना गेटपाशीच उतरवतो.

दसरा किंवा पाडव्याचा मुहूर्त धरायचा असेल तर पैसे भरण्याआधी, पासिंगच्याही आधी, यार्डात जाऊन गाडी बघून या, दिवसाउजेडी. सेल सर्टिफिकेटवर, म्हणजे फॉर्म २१ वर, बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं, चॅसी नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवा, टायरवर चार आकडे असतात त्यातले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, पाचही टायर बघा. सगळ्या सीट दुमडून उघडा, सगळे बेल्ट ओढा, मागचा एसी लावा. मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये एवढी गर्दी असते की काही बघता येत नाही.

आणि पहिल्या लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी ड्रायव्हरच्या दाराजवळचा स्टिकर वाचा, तिथे रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी लिहिलेली असते, सात जण आणि सामान असेल तर मागच्या टायरला जास्त लागते. पंपवाला विचारतो "कितनी?" तेव्हा आकडा आपल्याला सांगता आला पाहिजे. स्टेपनी कुठे आहे, खाली लटकवलेली असेल तर कशी उतरते, ते एकदा बिल्डिंगमध्येच उतरवून बघा, आम्ही रविवारी सकाळी मुलांना घेऊन ते केलं, अर्धा तास लागला, मोठ्याला आता जॅक कुठे लावायचा ते माहीत आहे.