रेकक्यू१ मोबाइलवर कसं बघावं

तोंडी परीक्षेत 'हेलिकेज काय करतं?' असं विचारलं की आमची बडोद्याची मुलं एका दमात सांगतात, 'डीएनए उलगडतं.' 'कसं?' म्हटलं की गप्प. पुस्तकात डीएनएच्या फाट्यावर एक त्रिकोण काढलेला असतो, तेवढाच त्यांनी पाहिलेला. म्हणून दांडिया बाजारात माझ्याकडे संध्याकाळी येणाऱ्यांना (शिकताना 'बेन', जिना उतरताना 'मावशी') मी आधी वही मिटायला लावते आणि मोबाइल बाहेर काढायला.

प्रोटीन डेटा बँकेची (प्रथिनांच्या त्रिमिती रचनांचा साठा) साइट उघडा. फुकट आहे, नाव नोंदवावं लागत नाही. शोधायच्या चौकटीत २व्ही१एक्स टाका, अक्षरं-अंक इंग्रजी. हे माणसाचं रेकक्यू१, म्हणजे रेकक्यू घराण्यातलं एक हेलिकेज. आपल्यात या घराण्यातली पाच प्रथिनं आहेत. त्यातलं बीएलएम बिघडलं की ब्लूम सिंड्रोम हा आनुवंशिक आजार. डब्ल्यूआरएन बिघडलं की वर्नर सिंड्रोम, ज्यात विशीत केस पिकायला लागतात आणि तिशीत मोतीबिंदू होतो.

'स्ट्रक्चर'वर टिचकी मारली की रंगीत फितींचा गुंता येतो. घाबरू नका, आणि तो वहीत उतरवायला तर मुळीच बसू नका. आधी एडीपी (पेशीचं इंधन एटीपी तुटल्यावर उरतं ते) शोधा. ते दोन गोळ्यांच्या मधल्या फटीत बसलेलं असतं. हे दोन्ही गोळे रेकए नावाच्या प्रथिनातल्या गोळ्याच्या धर्तीचे. एटीपी बसलं की फट मिटते, ते तुटून गेलं की उघडते, आणि या उघडझाकीतून प्रथिन डीएनएच्या एका धाग्यावर अळीसारखं पुढे सरकतं, ३′ कडून ५′ कडे (धाग्याच्या दोन टोकांची ही नावं). फटीतलं लायसिन ११९ (प्रथिनाच्या साखळीतलं ११९ क्रमांकाचं अमिनो आम्ल; पुढची सिस्टीन, टायरोसिन, अॅलॅनिनही अमिनो आम्लंच) शोधून ठेवा. ते बदललं तर एटीपी तुटत नाही आणि सगळं काम थांबतं. प्रथिनाच्या प्रत्येक रेणूत जस्ताचा एकच अणू दिसेल, त्याला चार सिस्टीननी धरलेलं असतं. परीक्षेला विचारतात, म्हणून बघून घ्या.

आता खरी गंमत. वरच्या अनुक्रमाच्या पट्टीत टायरोसिन ५६४ दाबा. कधी कधी दोन क्रमांक दिसतात, तेव्हा कंसात 'ऑथ' लिहिलेला तो घ्या. चित्र आपोआप जवळ येईल: बीटा पट्ट्यांचा (फितीतले सपाट भाग) एक लांब आकडा, म्हणजे हूक, आणि त्याच्या टोकाशी हे टायरोसिन. ते काढून तिथे अॅलॅनिन घातलं तर प्रथिन एटीपी तोडत राहतं, पण डीएनए काही उलगडत नाही. म्हणजे जोर फटीत तयार होतो आणि धागे वेगळे होतात ते या टोकाशी. माझ्या मते सगळ्या धड्यातलं लक्षात ठेवण्यासारखं वाक्य हेच.

पटत नसेल तर दुसऱ्या टॅबमध्ये २डब्ल्यूडब्ल्यूवाय उघडा. तिथे डीएनएसकट तेच रेकक्यू१ आहे. दुहेरी भाग जिथे संपतो, नेमकं तिथेच टायरोसिन ५६४ टेकलेलं दिसेल. बोटाने फिरवून दोन्ही बाजूंनी बघा, मगच वहीत काढा, आणि आकड्याच्या टोकाला नाव द्यायला विसरू नका.

उरलेल्या वेळात ४सीजीझेड उघडा. ते बीएलएम, डीएनएसकट. तोच आकडा शोधा. तो इथे इतका आखूड आहे की पहिल्यांदा हमखास नजरेतून सुटतो. मग बीएलएम धागे कसे वेगळे करतं, हे शोधून उद्या सांगा.