ठिबकची नळी उन्हात सोडा, पण ताणून जोडू नका

चिकोडी-निपाणीकडं उसात ठिबक अंथरायचं म्हटलं की माणसं सकाळच्या थंडीतच बंडल सोडायला घेतात. नळी परत परत वेटोळं घालते, आणि शिव्या खातो तो दुकानदार! त्यापेक्षा नळी मोकळी सोडा, टोकाला खुंटी मारा आणि तास-दोन तास ऊन खाऊ द्या. बरीचशी सरळ होते. नळी पॉलिथिलीन नावाच्या प्लास्टिकची असते आणि त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्या सरकायला वेळ लागतो. ऊब मिळाली की तोच वेळ कमी होतो. प्रयोगशाळेतही नमुना गरम करून थोड्या वेळाच्या चाचणीवरून प्लास्टिक पुढची कित्येक वर्षं कसं वागेल याचा अंदाज बांधतात, तो याच हिशोबावर.

मात्र तापलेली नळी ताणून जोडू नका. हे प्लास्टिक थंड होताना दर अंशाला मीटरमागे साधारण ०.२ मिलिमीटर आकसतं. काळी नळी दुपारी सहज ५० अंशांवर जाते. रात्री ती २० वर आली, तर १०० मीटरला अर्ध्या मीटरहून जास्त आखडायला बघते आणि सांध्यातून निसटते. जरा नागमोडी राहू दे, दिसायला वाईट दिसलं तरी चालेल.

सांध्यावर आवळायच्या क्लॅम्पलाही साखळ्यांचं ते हळूहळू सरकणं नडतं. आज कितीही आवळा, खालचं प्लास्टिक हळूहळू दबतं आणि पकड सैल पडते. उन्हाळ्यात तर लवकरच. दुसऱ्या दिवशी एक फेरी मारून परत आवळा. आणि हो, जाळ दाखवून नळी सरळ करायच्या भानगडीत पडू नका, नळीतले ड्रिपर, म्हणजे पाणी ठिबकायची तोंडं, वितळतात.