मुलांसाठी बायबल घेताय? या चुका टाळा

नाताळला किंवा बाप्तिस्म्याला मुलांचं बायबल भेट देण्याची पद्धत चांगलीच आहे. पण निवड होते ती मुखपृष्ठ बघून. चकचकीत कव्हर, हसरा जिराफ, 'वय ४ ते १०' असा शिक्का, झालं काम! चार वर्षांच्या आणि दहा वर्षांच्या पोराला एकच पुस्तक कसं पुरेल, हे कुणी विचारत नाही.

पूर्ण बायबल की गोष्टींचं?

रंगीत कव्हरच्या आत कधी कधी सगळी ६६ पुस्तकं असतात, बारीक टाइपात आणि पातळ कागदावर. पहिलीतलं मूल उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायातल्या वंशावळीतच अडकतं आणि पुस्तक कपाटात जातं. सात-आठ वर्षांपर्यंत निवडक गोष्टींचं सचित्र बायबल पुरे. सलग वाचता येऊ लागलं की पूर्ण बायबल द्या. कॅथलिक घरात देणार असाल तर त्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, एवढं ध्यानात ठेवा.

भाषेचा घोळ

घरात तेलुगू, शाळेत इंग्रजी, चर्चमध्ये मराठी अशी घरं सोलापुरात, विशेषतः पूर्व भागात, काही कमी नाहीत. मग 'इंग्लिश मीडियमला आहे ना' म्हणून इंग्रजी पुस्तक आणायचं आणि वाचून दाखवायची वेळ आली की आजीने गप्प बसायचं! मूल लहान असेल तर वाचून दाखवणाऱ्याची भाषा बघा. स्वतः वाचणारं असेल तर त्याची. इंग्रजीच घेतलं तर पीटर म्हणजे आपला पेत्र आणि मोझेस म्हणजे मोशे, हे आधीच सांगून टाका. नाहीतर संडे स्कूलमध्ये पोर गोंधळतं.

आतली गोष्ट न वाचता घेणं

सगळ्यात मोठी चूक हीच. दुकानात उभ्या उभ्या दावीद आणि गल्याथची गोष्ट काढा. मूळ गोष्ट १ शमुवेल १७ मध्ये आहे. दावीद ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे घेतो, पण गल्याथला तो सांगतो काय? तू तलवार-भाला घेऊन आलास, मी परमेश्वराच्या नावाने आलोय. लढाई त्याची आहे. पुस्तकात हे वाक्य गाळून 'दावीद शूर होता, तूही शूर हो' एवढंच उरलं असेल, तर ती गोफणीची गोष्ट झाली, बायबलची नाही. असं पुस्तक मी खाली ठेवतो. गल्याथचं मुंडकं कापल्याचं चित्र चार वर्षांच्या मुलाला नको, हे मान्य. पण देवाचं नाव कापायचं कारण नाही.

मग नोहाचं तारू बघा. प्राणी रांगेने चढतात, छान. पण प्रलय का आला आणि इंद्रधनुष्य कोणत्या कराराची खूण आहे, हे दोन ओळींत तरी हवं. शेवटी पुनरुत्थानाची पानं मोजा. नाताळला दहा पानं आणि रिकाम्या कबरेला अर्धं, असं असेल तर तोल गेलाय.

सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा येशू मला खटकतो. तो बेथलेहेमात जन्मलेला यहुदी होता. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून बाळ येशूला बघायला आलेले ज्ञानी, तीनच आणि तेही गोठ्यात, हे तर जवळजवळ प्रत्येक पुस्तकात सापडेल. मत्तय २ मध्ये आकडाच नाही आणि ते 'घरात' गेले असं आहे. तेवढ्यासाठी पुस्तक परत करू नका, मुलालाच चूक शोधायला लावा.

बांधणी शिवलेली घ्या. नुसत्या चिकटवलेल्या पुस्तकाची पानं लहान हातांत लवकर सुटतात.

घेतलंय, पण मूल उघडतच नाही?

'जा, वाच' म्हणून भागत नाही. रात्री एकच गोष्ट मोठ्याने वाचा, मग तीच घरातल्या मोठ्या बायबलमधून. हरवलेल्या मुलाची गोष्ट घ्या, लूक १५. मुलाच्या पुस्तकात थोरला भाऊ गाळलेला असेल तर ते स्वतःच विचारेल. भावंडं दोन असतील तर वाचायचं काम थोरल्याकडे द्या. धाकटं चित्रं बघत ऐकतं.