ऊसतोडीची मुलं आणि शाळेचा हजेरीपट : कराड भागात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

मी मूळची परभणी जिल्ह्यातली. नोकरीसाठी कराडला आले आणि इथलीच झाले. नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शिक्षणाचं काम करते. सातारा-सांगलीत बाहेरून आलेली तरुण मंडळी विचारतात, "आम्हालाही काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू?" हे त्यांच्यासाठी.

आल्या आल्या स्वतःचा वर्ग काढू नका. खोप्यांसमोर सतरंजी टाकून तासभर शिकवलं की आपल्याला फार बरं वाटतं, पण मुलाचं नाव हजेरीपटावर नसेल तर हंगाम संपून टोळी गावाकडे गेल्यावर हाती काही उरत नाही. काम खरं दोन शाळांच्या मधे आहे: गावाकडची शाळा आणि इथली जवळची जिल्हा परिषदेची शाळा. मूल या दोन्हींच्या मधल्या फटीत पडतं. ती फट बुजवायला माणूस लागतो, तो आपण व्हायचं.

दिवाळीच्या आगेमागे टोळ्या उतरू लागतात. बीडच्या असतात, तशा इथल्याच दुष्काळी माण-खटाव आणि जतच्याही. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, अंगावर असते, ती फिटेपर्यंत उसंत नाही. पहाटे अंधारात फड गाठायचा, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. बैलगाडी घेऊन गडी कारखान्याच्या रांगेत गेला की बायका खोपीवर येऊन चूल पेटवतात. भेटायची वेळ हीच. आणि आधी मुकादमाला सांगून जा. त्याला डावलून वस्तीत शिरलात तर दुसऱ्या दिवशी कोणी बोलणार नाही.

"गाव कोणतं तुमचं, ताई?" हा पहिला प्रश्न. परभणीकडची म्हटलं की पाट सरकवला जातो. आपण बाहेरून आलो याचा इथे उपयोगच होतो. भाड्याची खोली, रेशनकार्डाचे हेलपाटे, परक्या गावात पोराला शाळेत घालताना होणारी धाकधूक, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

एकदा एका मावशींना मुलीला शाळेत पाठवा म्हणून सांगत होते. पोरगी नऊ-दहा वर्षांची, कडेवर भाऊ, दुसऱ्या हाताने भाकरी उलटत होती. मावशी म्हणाल्या, "बाई, ही साळंत गेली तर लहान्याला कोण बघंल?" प्रश्न अगदी रास्त होता. मोठ्या मुलीच्या शाळेचा रस्ता अंगणवाडीतून जातो. धाकटं भावंड तीन वर्षांचं झालं असेल तर आधी त्याची अंगणवाडी ठरवा, मग ताईची शाळा. त्याहून लहान असेल तर शाळेतल्या बाईंना विनवा, की भावाला घेऊन बसू दे. पुष्कळ बाई बसू देतात. त्या मुलीच्या बाईंनी दिलं, आणि तो भाऊ मागच्या भिंतीला टेकून पाटीवर रेघोट्या ओढायचा.

दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवलं जाताना दिसेल. भांडू नका, कायदा माहीत ठेवा. 2009चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही. वर्ग वयानुसार द्यायचा, आणि मागे पडलेल्याला विशेष प्रशिक्षण द्यायचं. गावाकडच्या शाळेने शिक्षण हमी पत्रक, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत दाखवायचं कार्ड, दिलं असेल तर काम सोपं होतं. नसेल तर तिथल्या मुख्याध्यापकांना फोन लावा आणि इथल्या गुरुजींशी थेट बोलणं करून द्या. दोन शिक्षक एकमेकांशी बोलले की निम्मं काम झालं.

साताऱ्याच्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. तेही कुटुंबाबरोबर बाहेरून आलेलं मूल. हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, आणि टोळ्याही साधारण याच सुमारास येतात. मी शाळांना सांगते, भाषणं थोडी कमी करा आणि त्या आठवड्यात खोप्यांवर एक फेरी मारा.

शिकवायची वेळ येईल तेव्हा इयत्ता विचारू नका. समोर चार ओळींचा परिच्छेद ठेवा. वाचता येईना तर शब्द, तेही नाही तर अक्षर. जिथे मूल अडेल तिथून सुरुवात. बंजारा तांड्यावरून आलेली मुलं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. ती गप्प बसली म्हणजे मंद आहेत असं समजू नका. त्यांना गोष्ट आधी त्यांच्या बोलीत सांगू द्या.

मदत गोळा करताना जुने कपडे नको म्हणायला शिका. फाटके कपडे देणं मला अपमानच वाटतो. लागतात चपला, दप्तर आणि शाळा लांब असेल तर रिक्षाचं भाडं. पैसा स्वतःच्या खात्यात घेऊ नका. नोंदणीकृत संस्थेमार्फत घ्या, पावती द्या. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकराची सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा. मुलांचे फोटो टाकून पैसे मागू नका.

मार्च लागला की कारखान्याचा पट्टा कधी पडणार, म्हणजे गाळप कधी संपणार, ते मुकादमाला विचारत राहा, कारण टोळी एका रात्रीत उठते. त्याआधी हजेरी आणि प्रगतीची नोंद शाळेकडून लिहून घ्या, एक प्रत पालकांच्या पिशवीत, एक तुमच्याकडे. गावातल्या आजी-आजोबांचा नंबर घेऊन ठेवा, कारण आई-वडिलांचा नंबर पुढच्या हंगामापर्यंत बदललेला असतो. जूनमध्ये शाळा उघडल्या की गावाकडच्या शाळेला फोन करा आणि मूल पटावर आहे का, वर्गात येतंय का, एवढं विचारा. येत नसेल तर त्याच दिवशी आजीला फोन लावा.