जुना वाडा पडायच्या आधी त्याची नोंद कशी करायची

आपल्या मराठवाड्यात देऊळ, बारव, किल्ला यांच्यावर लिहिणारे पुष्कळ हायेत, पण अंबाजोगाई, कंधार, औसा, पैठण असल्या गावांच्या जुन्या गल्ल्यांत जे माळवदाचे, म्हणजे लाकडावर माती घातलेल्या सपाट छताचे, वाडे उरलेत त्यांचं कुणी काही लिहून ठेवत नाही आणि ते एकेक करून पडायलेत. त्यात 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांनी धास्तीच घेतली, मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती अन् वरचं वजनदार माळवद, हेच झोपेत माणसांच्या अंगावर आलं होतं. म्हणून पाडणाऱ्याला नावं ठेवू नका, आपण नोंद करू.

आधी परवानगी. ओळखीचा माणूस सोबत घ्या, ओसरीवर बसा, चहा घ्या, मग फोन बाहेर काढा. हेरिटेज हा शब्द चुकूनही नको, लोकांना वाटतंय सरकार घर ताब्यात घेतंय की काय.

माहिती मालकापेक्षा घरातल्या आजीला विचारा. मालक पणजोबाचा रुबाब सांगत बसतो, आजी सांगते धान्य साठवायचं बळद कुठं होतं, बाळंतिणीची खोली कोणती, वाटणीची भिंत कुणाच्या लग्नानंतर घातली. ही वाटणीची भिंत नकाशात वेगळ्या रंगानं काढा, नाहीतर मूळ चौक किती होता ते कळतच नाही.

मोजायला इंजिनियर लागत नाही. दोघं जण, लांब टेप, चौकटीचा कागद, बास. पहिल्यांदा खण मोजा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, जुनी माणसं घर खणातच सांगतेत. मग देवडी (दारातली पहाऱ्याची जागा), चौक, ओसरी, माजघर, देवघर असं बाहेरून आत जात रेघा मारा, भिंतीची जाडी दरवाजापाशी मोजा, उत्तर दिशा कागदावर दाखवा.

फोटो पण त्याच क्रमानं. नुसता कोरीव दरवाजा काढून परत येणारे फार, मला त्यात काही राम वाटत नाही. खांबाखालचा दगडी तळखडा काढा, दिव्याच्या काजळीनं काळी झालेली देवळी, म्हणजे भिंतीतला कोनाडा, काढा, आणि छताचा एक कोपरा जिथं माती गळून तुळई, तिच्यावरची बारीक लाकडं अन् वरचा मातीचा थर एकावर एक दिसतो तो तर काढाच, माळवद कसं घालायचे ते तिथंच कळतं. पण असल्या छताखाली फार वेळ उभं राहू नका.

दगडावर अक्षरं असतील तर खडू, पीठ, तेल काही चोळायचं नाही. अंधार पडल्यावर टॉर्च एका बाजूनं तिरपी धरा, अक्षरं आपोआप उठून दिसतेत.

आता वय. प्रत्येक वाडा दोनशे वर्षांचाच असतोय! कागद मागा. आपला भाग निजामाकडं होता त्यामुळं कागद उर्दूत निघतेत, काही मोडीत, आणि साल बऱ्याचदा फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या महसुली कालगणनेतलं. फसलीत 590 किंवा 591 मिळवायचे, म्हणजे 1357 फसली म्हणजे 1947-48. साल शालिवाहन शकाचं असेल तर साधारण 78 मिळवा. कागद नसेल तर सरळ लिहा, घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे. आणि कागद लॅमिनेट करू देऊ नका कुणाला, सपाट ठेवून उजेडात फोटो घ्या, झालं.

फाइलला गाव, गल्ली, वाडा, तारीख असं नाव द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता फोटो बारीक होऊन जातो. एक प्रत घरमालकाला, एक गावच्या वाचनालयात.

फेसबुकवर टाकताना मात्र घराचा नेमका पत्ता नको, कारण कोरीव चौकट दिसली की जुनं लाकूड विकत घेणारे आधी दारात हजर होतेत.