नवं साधन हाती आलं, पण शिकवणं बदललं का? शिक्षकांनो, या चुका टाळा

प्रशिक्षण संपतं. प्रमाणपत्राची पीडीएफ मोबाइलवर येते, नव्या ॲपचं खातं उघडलेलं असतं, सुरुवातीचे काही दिवस उत्साहात जातात. महिन्याभराने त्याच वर्गात डोकावलं की तास पूर्वीच्याच वळणाने चाललेला दिसतो. जे फळ्यावर लिहिलं जायचं ते आता पडद्यावर दिसतं, एवढाच फरक. मेहनतीत मात्र कुठेच कसूर नसते. रात्री जागून स्लाइड बनवणारे, स्वतःचा डेटा खर्चून व्हिडिओ उतरवून घेणारे सहकारी मी रोज पाहते. ही मेहनत वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

माझ्या मते बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. आपण साधनापासून सुरुवात करतो. मुलांचं नेमकं कुठे अडतंय, तिथून सुरुवात केली तर कोणतं साधन शिकायचं, किती शिकायचं आणि कधी बाजूला ठेवायचं, हे बऱ्यापैकी आपोआप ठरत जातं.

"हे ॲप मी कुठे वापरू?"

प्रशिक्षणातून बाहेर पडताना सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न हाच, आणि इथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. ॲप आलंय म्हणून त्याला पाठ शोधायचा, मग तो पाठ ॲपमध्ये बसवायचा, यात मुलांची अडचण कुठे येतच नाही.

२००६ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी केलेली मांडणी शिक्षक-प्रशिक्षणात 'टीपॅक' या नावाने ओळखली जाते. विषयाचं ज्ञान, शिकवण्याच्या पद्धतींचं ज्ञान आणि तंत्रज्ञानाचं ज्ञान, ही तिन्ही सुटी सुटी असून भागत नाही. त्यांचा मेळ घालणं हे स्वतंत्र कौशल्य आहे, असं ते सांगतात. त्याआधी १९८६ मध्ये अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी एक पायाभूत गोष्ट मांडली होती. विषय येणं वेगळं आणि तो विषय शिकताना मुलं कुठे अडखळतात हे माहीत असणं वेगळं. आपली बरीचशी प्रशिक्षणं यातलं फक्त तंत्रज्ञान शिकवतात: इथे क्लिक करा, तिथून शेअर करा. मेळ घालायचं काम शिक्षकावर सोडलेलं असतं, आणि त्यासाठी वेळ कुणी देत नाही.

उपाय साधा आहे. आठवडाभर टाचणवहीच्या, म्हणजे पाठाची आखणी लिहायच्या वहीच्या, समासात एवढंच लिहा: आज वर्ग कुठे अडला? समजा, समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा मुलांना वाचता येत नाही, रेषा जवळ आल्या म्हणजे चढ तीव्र हे डोळ्यांसमोर येत नाही. आता गुगल अर्थवर एखादा डोंगर वरून दाखवून मग दृश्य तिरकं करण्याला अर्थ आहे. फळ्यावर जे दाखवता येत नव्हतं ते इथे दिसतं. आणि व्याकरणाचा एखादा नियम उदाहरणं देऊन तोंडी घोटवता येत असेल, तर तिथे पडदा बंद ठेवायला संकोच कशाला?

प्रश्नमंजुषा घेतली, गुण पाहिले, पुढे गेलो

मला सगळ्यात जास्त हळहळ या चुकीची वाटते, कारण इथे शिक्षकाच्या हातात सोनं आलेलं असतं आणि ते तसंच निसटतं.

ऑनलाइन प्रश्नमंजुषा आता बहुतेकांना बनवता येते. मुलं उत्तरं देतात, गुण आपोआप मोजले जातात, सरासरी दिसते. सरासरी बरी असली की पुढचा घटक सुरू. पण दशांश अपूर्णांकांवरचा एक प्रश्न जवळून पाहा: मोठी संख्या कोणती, ०.३५ की ०.४?

काही मुलं ०.३५ निवडतात. त्यांच्या डोक्यात ३५ आणि ४ या पूर्ण संख्यांची तुलना चाललेली असते. ही चूक बहुतेक शिक्षकांना ओळखीची असते. खरी गंमत बरोबर उत्तरांत आहे. ०.४ निवडणाऱ्या मुलांपैकी काहींचा समज असा असतो की दशांशचिन्हानंतर जितके जास्त अंक तितकी संख्या लहान. दशांशापेक्षा शतांश लहान, हे त्यांनी पक्कं लक्षात ठेवलेलं असतं आणि त्यावरून हा आडाखा बांधलेला असतो. या मुलांना या प्रश्नात पूर्ण गुण मिळतात. ती पकडायची तर दुसरी जोडी हवी: ०.४५ आणि ०.३. इथे पहिल्या गटातली मुलं चुकीच्या कारणाने बरोबर येतील आणि दुसऱ्या गटातली मुलं ०.३ निवडून स्वतःहून समोर येतील. मेलबर्न विद्यापीठातल्या के स्टेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे असे समज नोंदवून, नेमक्या अशाच जोड्या वापरून चाचण्या तयार केल्या आहेत.

आता पाहा, दोन प्रश्न, प्रत्येकी दोन पर्याय. गुणांची बेरीज केली तर दोन्ही गटांतल्या मुलांना एकेक गुण. उत्तरं ओळीने वाचली तर दोन वेगळे गैरसमज, आणि दोघांना समजावून सांगायची रीतही वेगळी. गुगल फॉर्म वापरत असाल तर सारांशाच्या रंगीत आलेखांवर थांबू नका. प्रतिसाद शीटमध्ये उघडा आणि या दोन रकान्यांनुसार क्रमवारी लावा. दोन्ही गट वेगळे दिसतील. हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि दुसऱ्या दिवशीचा तास त्यावर उभा राहतो.

म्हणून प्रश्न बनवताना चुकीच्या पर्यायांवर जास्त वेळ द्या. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलाचा एखादा खरा विचार असायला हवा. कुणीच निवडणार नाही असा पर्याय जागा अडवून बसतो, बाकी काही सांगत नाही. हे पर्याय सुचतात ते जुन्या उत्तरपत्रिकांतून. शिक्षक म्हणून वाढ होते ती अशा कामातून, असं मला ठामपणे वाटतं. प्रश्नमंजुषेचं ॲप कोणतं हे त्यात फार दुय्यम आहे.

शिकण्याऐवजी फक्त पाहत राहणं

मुलांना आपण सांगतो की नुसतं वाचू नका, पुस्तक मिटून आठवा. स्वतःच्या प्रशिक्षणात मात्र एकामागून एक व्हिडिओ पाहत जातो. पाहताना सगळं समजतं, म्हणून आलं असं वाटतं.

मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. शिक्षकांनाही हे तंतोतंत लागू आहे. व्हिडिओ एकदा पाहा, बंद करा, आणि तीच कृती कोऱ्या पानापासून करून बघा. अडाल तिथेच परत व्हिडिओ उघडा. दोन दिवसांनी पुन्हा, या वेळी काही न पाहता.

आणखी एक गोष्ट प्रशिक्षण आखणाऱ्यांनीही मनावर घ्यावी अशी. शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स १९८० च्या दशकापासून सांगत आले की व्याख्यान आणि प्रात्यक्षिकाने माहिती वाढते, पण नवी पद्धत वर्गात रुजायची तर सराव, त्यावर प्रतिसाद आणि प्रत्यक्ष वर्गात सहकाऱ्याची सोबत लागते. शाळेत एक जण जरी जोडीला मिळाला तरी पुरे. एकमेकांच्या तासाला बसा, पण जाण्याआधी ठरवून घ्या की पाहायचं काय. "छान झाला तास" या वाक्याने कुणालाच काही मिळत नाही. "मागच्या दोन बाकांवरच्या मुलांनी आज किती वेळा उत्तर दिलं ते मोजशील का?" असं सांगितलं की बोलणं मुद्द्याचं होतं, आणि कुणाला दुखवण्याचाही प्रश्न उरत नाही.

स्वतःचा तास कधीच न ऐकणं

खिशातला मोबाइल हे व्यावसायिक वाढीचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन आहे. टेबलावर ठेवून तासातली दहा मिनिटं ध्वनिमुद्रित करा. शाळेचा नियम पाहून आणि मुलांना सांगूनच करा, ऐकून झाल्यावर फाइल काढून टाका.

ऐकताना एकच गोष्ट मोजा: प्रश्न विचारल्यानंतर आपण किती वेळ गप्प राहतो. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात हे मोजून दाखवलं. शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग दुसऱ्या मुलाला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. हीच वेळ तीन सेकंदांवर नेली तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद कागदावर क्षुल्लक वाटतात. वर्गासमोर उभं राहून ते काढणं खरोखर जड जातं. आपला आवाज ऐकायला अनेकांना अवघड वाटतं, ते स्वाभाविक आहे. पहिल्यांदा एकट्याने ऐका.

स्लाइड भरगच्च, व्हिडिओ लांबलचक

पडद्यावर पूर्ण वाक्यं लिहून तीच मोठ्याने वाचली तर मुलांचं शिकणं सोपं होत नाही, उलट अवघड होतं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून हे समोर आलं आहे. चित्र किंवा आकृती पडद्यावर ठेवा, शब्द तोंडी सांगा. वाक्यं हवीच असतील तर ती नंतर वाटायच्या कागदावर द्या. व्हिडिओचंही तसंच. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा २०१४ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याचा मध्यक वेळ ६ मिनिटांच्या पुढे गेला नाही. तुकडे करा, आणि प्रत्येक तुकड्यानंतर एक प्रश्न ठेवा.

ऐन तासाला बंद पडतं तेव्हा

तांत्रिक अडचणींना घाबरून कित्येक चांगले शिक्षक साधन सोडून देतात. नेहमीच्या अडचणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत.

प्रोजेक्टर जोडला पण पडदा रिकामा: विंडोजवर विंडोज बटण आणि पी एकदम दाबा, 'डुप्लिकेट' निवडा. चित्र दिसतंय पण आवाज नाही: एचडीएमआय केबल जोडली की लॅपटॉप बऱ्याचदा आवाजही प्रोजेक्टरकडे पाठवतो, आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन लॅपटॉपचा किंवा बाहेरचा स्पीकर निवडा.

फॉर्म उघडला की मुलांकडे लॉगिन मागतो: 'एकच प्रतिसाद' ही मर्यादा लावली असेल किंवा फाइल जोडण्याचा प्रश्न ठेवला असेल तर गुगल खातं लागतंच. शाळेच्या खात्यावरून फॉर्म बनवला असेल तर तो फक्त संस्थेपुरता मर्यादित नाही ना, तेही तपासा. दुवा पाठवण्याआधी ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत (जिथे आपलं खातं लॉगिन नसतं) एकदा उघडून पाहिला की यातल्या बहुतेक गोष्टी घरीच कळतात.

दुसऱ्या संगणकावर अक्षरं विस्कटतात: जोडीला पीडीएफ ठेवा. इंटरनेटचा भरवसा नसेल तर व्हिडिओ आदल्या दिवशी पाहून, परवानगी असेल तिथे उतरवून ठेवा, आणि तोच मुद्दा फळ्यावर कसा मांडायचा हे टाचणात एका ओळीत लिहून ठेवा. तीन मिनिटांत चालू झालं नाही तर बंद करून फळ्याकडे वळायचं, हे आधीच ठरवलेलं असलं की धांदल होत नाही.

एआयकडून तयार पाठ घेणं

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि टाचण तयार करणं काही सेकंदांचं काम झालं. शिक्षकांवरचा कागदोपत्री बोजा पाहता याचा वापर करू नका असं मी म्हणणार नाही. पण तयार मिळालेला पाठ कोणत्याही वर्गासाठी असतो, तुमच्या वर्गासाठी नसतो. टाचण लिहिताना आपण जे मनात घोळवतो, इथे अमका अडेल, हे उदाहरण तिला कळणार नाही, तो विचारच गळून जातो. आणि ही साधनं चुकीची माहितीही तितक्याच आत्मविश्वासाने देतात, तेव्हा सनावळी, व्याख्या आणि गणितांची उत्तरं स्वतः पडताळल्याशिवाय वर्गात नेऊ नका.

उपयोग करायचा तर तुमच्या निरीक्षणापासून करा. "दशांश अपूर्णांकांवर दहा प्रश्न दे" असं मागण्याऐवजी असं सांगा: "माझ्या वर्गातल्या काही मुलांना दशांशचिन्हानंतर अंक जास्त म्हणजे संख्या लहान वाटते. हा समज उघडा पाडतील अशा सहा जोड्या दे, आणि प्रत्येक जोडीत हे मूल काय निवडेल तेही सांग." मग सहाही जोड्या स्वतः सोडवून पाहा, ज्यांत असं मूलही बरोबर उत्तर देईल त्या काढून टाका. मुलांची उत्तरं तिथे चिकटवताना नावं, हजेरी क्रमांक आणि घरची कोणतीही माहिती आधी खोडा.