जर्मन शब्द हवेत? माइनक्राफ्टची भाषा बदला

जर्मन शिकत असाल आणि माइनक्राफ्ट आधीपासून खेळत असाल, तर सेटिंगमध्ये जाऊन गेमची भाषा 'डॉइच' करा. खेळ पाठ असलेलाच हवा. नवा गेम घेतलात तर भाषा आणि खेळ दोन्हींशी झगडावं लागतं आणि दोन दिवसांत गाडी पुन्हा इंग्रजीवर येते.

टिकावाला जर्मनमध्ये 'श्पित्सहाके' म्हणतात. लाकडाचा टिकाव 'होल्त्सश्पित्सहाके', दगडाचा 'श्टाइनश्पित्सहाके', लोखंडाचा 'आइझनश्पित्सहाके'. म्हणजे होल्त्स, श्टाइन, आइझन हे तीन शब्द फुकटात मिळाले, शिवाय जर्मन माणूस शब्दाला शब्द कसा जोडतो तेही कळलं. आपल्या समासासारखंच.

एक मात्र आहे. वस्तूच्या नावापुढे डेर, डी, डास हे लिंग दाखवणारे शब्द लिहिलेले नसतात. ते शब्दकोशात बघून वहीत लिहा. जोडशब्दाचं लिंग शेवटच्या शब्दावर ठरतं, त्यामुळे 'डी हाके' लक्षात ठेवलं की सगळे टिकाव स्त्रीलिंगी.

मला सर्वात उपयोगी वाटते ती क्रिएटिव्ह मोडमधली (जिथे सगळ्या वस्तू आयत्या मिळतात) शोधपेटी. चित्रं धुंडाळू नका, 'शाउफेल' टाइप करा. स्पेलिंग चुकलं की फावडं मिळत नाही! नुसतं वाचण्यापेक्षा आठवून लिहिलेला शब्द जास्त टिकतो.

बर्लिनच्या बेकरीत टिकाव कोणी मागणार नाही, हे खरं. पण 'ब्रोट' म्हणजे पाव, तोही याच गेममध्ये बनवता येतो.